सवलत आणि सोय

एसटीच्या तिकिटावर दिव्यांग प्रवाशाला ७५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. अपंगत्वाचं प्रमाण जास्त असेल तर सोबतच्या माणसालाही निम्मंच तिकीट पडतं. गरिबाघरच्या माणसाला या सवलतीचं मोल किती आहे ते तालुक्याच्या स्टँडवर अर्धा तास उभं राहिलं तरी कळतं, तेव्हा तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण साध्या लाल गाडीची पहिली पायरी इतकी उंच असते, की कुबडीवाल्या माणसाला आधी कुबडी आत टाकावी लागते, मग दोन्ही हातांनी दांडा धरून स्वतःला वर ओढून घ्यावं लागतं, आणि तोवर कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर गेलेला असतो. तिकीट स्वस्त आणि चढणं महाग, असा हा प्रकार आहे. बोलताना आपण ‘सवलत’ आणि ‘सोय’ हे शब्द सहज एकमेकांच्या जागी वापरतो. विशेष शिक्षक म्हणून शाळाशाळांतून फिरण्याच्या कामात माझी एकच समजूत पक्की होत गेली, ती या दोन शब्दांतल्या अंतराबद्दलची. सवलत म्हणजे काहीतरी माफ करणं: भाडं, फी, अभ्यास, कवायत. सोय म्हणजे तेच काम त्या माणसाला करता येईल अशी मांडणी करणं. दिव्यांग मुलांना आपण सवलती बऱ्यापैकी देतो आणि सोयी फार थोड्या करतो. त्याहून वाईट म्हणजे सवलत देऊन झाली की सोय करायची राहूनच जाते, कारण देणाऱ्याचं समाधान झालेलं असतं.

शाळेचा एखादा दिवस या नजरेनं पाहावा. परिपाठाला मुलं मैदानात रांगेत उभी राहतात, आणि पायानं अधू असलेलं मूल वर्गात दप्तरं राखायला बसतं. प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष हे सगळं त्याला खिडकीतून ऐकू येतं. वाचनाच्या तासाला ज्याला अक्षरं जुळवता येत नाहीत त्याची पाळी आली की बाई मायेनं म्हणतात, ‘तू बस, पुढचा वाच.’ खेळाच्या तासाला तो गुण मोजतो. पोषण आहाराच्या रांगेत त्याचं ताट दुसरं कुणी आणून देतं. सहलीच्या यादीत त्याचं नाव नसतं, आणि ते का नाही हे आईवडिलांनीच आपणहून सांगितलेलं असतं: ‘कशाला तुम्हाला त्रास.’ यात कुणी दुष्ट नाही. उलट, सगळेच जण चांगले वागत असतात. पण दिवसाचा हिशेब मांडला तर शाळेनं ज्या ज्या गोष्टींसाठी शाळा म्हणून उघडायचं, त्या प्रत्येक गोष्टीतून या मुलाला प्रेमानं वगळलेलं असतं. हजेरीपटावर तो रोज हजर असतो. म्हणून मला पटनोंदणीच्या आकड्यांचा फारसा भरवसा वाटत नाही. २०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात २९.६३ लाख दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या. ५ ते १९ या वयोगटातली सुमारे ६१ टक्के मुलं तेव्हा शिकत होती, आणि चतुर्थांशाहून जास्त मुलांनी शाळेची पायरी कधीच चढलेली नव्हती. ही मुलं पुढे पटावर आली तर आनंदच आहे, पण पटावर आल्यावर त्यांचं काय होतं हा प्रश्न त्या आकड्यातून सुटत नाही.

कायद्यानं हा फरक आपल्याआधीच ओळखलेला आहे. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ला लागू झाला आणि १९९५च्या कायद्यातले सात प्रकार वाढून एकवीस झाले. बातम्यांत गाजली ती एकविसांची यादी. माझ्या मते त्याहून महत्त्वाची आहे ती समावेशक शिक्षणाची व्याख्या. दिव्यांग आणि इतर मुलांनी एकत्र शिकायचं, एवढं सांगून ती थांबत नाही. शिकवण्याची पद्धतच या मुलांच्या गरजांप्रमाणे बदलली पाहिजे, असं तिच्यात म्हटलं आहे. याच कायद्यात वाजवी फेरबदलांची कल्पना आहे, म्हणजे समोरच्यावर बेसुमार बोजा न टाकता करता येतील असे बदल. मराठीत याला सरळ ‘वाजवी सोय’ म्हणावं. व्यवहारात मात्र आपलं सगळं लक्ष खिळलेलं असतं ते टक्क्यांवर. प्रमाणपत्रावर ४० टक्के भरले की लाभ सुरू, ३८ भरले की काही नाही. पालक वर्षभर जिल्हा रुग्णालयाच्या चकरा मारतात त्या या दोन टक्क्यांसाठी, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण शिकण्याच्या दृष्टीनं हा आकडा जवळजवळ मुका आहे. पायांचं ८० टक्के अपंगत्व असलेल्या मुलीला गणिताच्या पुस्तकात काहीही बदल लागत नाही. ३० टक्क्यांच्या अल्पदृष्टीच्या मुलाला मात्र फळ्यावरचं अक्षर दिसतच नाही. सवलत कुणाला द्यायची हे ठरवायला टक्के लागतील, कारण तिजोरी मर्यादित असते. मुलाला कुठे बसवायचं हे ठरवायला टक्के कशाला लागतात? सर्वोच्च न्यायालयानं विकाश कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात २०२१ साली हेच स्पष्ट केलं. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या उमेदवाराचं अपंगत्व ४० टक्क्यांच्या रेषेत बसत नव्हतं, तरी लेखनिक मिळण्याचा त्याचा हक्क न्यायालयानं मान्य केला.

सोय या शब्दाचा आपल्या सरकारी बांधकामात काय अर्थ होतो, हे पाहायचं तर शाळेच्या उतारापाशी थांबावं. बोलीभाषेत रॅम्प. याचं प्रमाण ठरलेलं आहे: एकास बारा. जोतं दीड फूट उंच असेल तर उताराची लांबी अठरा फूट हवी, दोन्ही अंगांना कठडा हवा, वर पोचल्यावर चाकाची खुर्ची वळवता येईल एवढी सपाट जागा हवी. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी पायऱ्यांच्या बाजूला उरलेल्या सहा फुटांत सिमेंटची घसरगुंडी ओतलेली असते. सहा फुटांत दीड फूट म्हणजे एकास चार. त्यावरून खुर्ची ढकलायला दोन मोठी माणसं लागतात, आणि उतरताना खुर्ची उलटी फिरवून मागं मागं यावं लागतं. घोटीव फरशी बसवली असेल तर पावसाळ्यात त्यावरून धडधाकट माणूसही जपून चालतो. वर पोचल्यावर दाराला चार बोटांचा उंबरा असतो. तरीही माहिती भरताना ‘रॅम्प आहे का’ या रकान्यात ‘होय’ लिहिलं जातं, आणि ते खोटं नसतं. रॅम्प आहे. फक्त त्यावरून कुणी वर जात नाही. दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहाचंही तेच. ते असतं, कुलूपबंद असतं, आणि आत झाडू-खराटे आणि मोडकी बाकं ठेवलेली असतात. ज्यानं उतार ओतला त्या गवंड्याला बारा पट लांबीचा हिशेब कुणी सांगितला नाही. ज्यानं बिल मंजूर केलं त्यानं खुर्ची आणून एकदा चढवून पाहिली नाही. सोय ही वापरून बघायची वस्तू आहे. आपण ती सवलतीसारखी देऊन मोकळे होतो.

अशा वेळी हटकून ऐकू येतं की सोयी करायला पैसा लागतो आणि तो नाही. उतारासाठी लागतो, हे खरं. पण वर्गातल्या बहुतेक सोयींना पैसा जवळजवळ लागत नाही, लागते ती नजर. अल्पदृष्टीच्या मुलाला पहिल्या बाकावर बसवा, एवढं सगळ्यांना माहीत असतं, आणि तिथेच गल्लत होते. पहिलं बाक खिडकीशेजारी असेल आणि फळा चकाकत असेल तर त्या मुलाला तिथून काहीच दिसत नाही. डोळ्यांना उजेड सहन न होणाऱ्या मुलाला तर ती शिक्षाच. त्याला फळ्यापासून किती अंतरावर, कुठल्या बाजूला, दिवसाच्या कुठल्या वेळी दिसतं, हे त्यालाच विचारून, जागा दोन-चारदा बदलून ठरवावं लागतं. जाड टोकाचं पेन, ठळक रेघांची वही, फळ्यावर लिहिताना मोठ्यानं वाचत लिहिणं, झालं. श्रवणयंत्राचीही अशीच समजूत. यंत्र मिळालं म्हणजे मूल ऐकू लागलं, असं धरून चालतात. यंत्र आवाज मोठा करतं, सगळेच आवाज मोठे करतं: पंख्याची घरघर, पत्र्यावरचा पाऊस, शेजारच्या वर्गातले पाढे. कानातला साचा मुलाच्या वाढीबरोबर सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं, मग मूल ते काढून दप्तरात ठेवतं. सेल संपला की बाजारच्या दिवसापर्यंत नवा येत नाही. त्यातून शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलत राहिले तर ओठांवरून मिळणारा थोडाफार आधारही गेला. वळून, उजेडात उभं राहून बोलणं याला कुठलं अनुदान लागत नाही. भूमितीची तीच कथा. दृष्टिहीन मुलाला आकृत्या माफ करून टाकणं सोपं. पण रबरी चटईवर जाड कागद उलटा ठेवून शिंप्याकडचं दातेरी चाक दाबून फिरवलं की सुलट बाजूला ठिपक्यांची उठावदार रेघ उमटते, आणि बोटांना त्रिकोण कळतो. चाक कुठल्याही शिवणकामाच्या दुकानात मिळतं.

शिक्षकांचा आक्षेप याहून वजनदार आहे, आणि तो मी हलक्यानं घेत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. चार-पाच इयत्ता दोघांत वाटलेल्या, वर ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम, पोषण आहाराचा हिशेब. त्यात एका मुलाकडे वेगळं लक्ष द्यायचं म्हणजे बाकीच्यांचं नुकसान नाही का? लक्ष ‘वेगळं’ काढून द्यायचं असेल, तर नुकसान होईलच. पण याच द्विशिक्षकी शाळेतला शिक्षक रोज काय करतो ते पाहा. पहिलीला अक्षरगट देऊन बसवतो, दुसरीला बेरजा घालतो, तिसरीतल्या हुशार मुलीला पहिलीच्या गटात बसवतो आणि चौथीला धडा वाचून दाखवतो. एकाच खोलीत चार पातळ्यांवर शिकवणं, मुलांना मुलांकडून शिकू देणं, ही समावेशक वर्गाची मूळ कारागिरी आहे, आणि ती आपल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या हातात आधीपासून आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांचं काम पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. तिथली फरशीवरची आखणी, मुलांच्या उंचीचे फळे, गटात बसून साहित्य हाताळणं या गोष्टी दिव्यांग मुलांसाठी म्हणून केलेल्या नव्हत्या, तरी त्यांचा उपयोग हळू शिकणाऱ्या मुलाला सर्वांत जास्त होतो. अर्थात फरशीवर बसणंही सगळ्यांना जमत नाही. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला पाठीला दोन बाजूंनी टेकू देणारी कोपऱ्याची खुर्ची लागते, नाहीतर तोल सांभाळण्यातच त्याची सगळी शक्ती जाते. तेव्हा शिक्षकाला नवं तत्त्वज्ञान शिकवायची गरज नाही; त्याला वेळेवर सल्ला देणारा माणूस हवा. इथे मात्र व्यवस्था उघडी पडते. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. आपल्याकडे हे काम वर्षानुवर्षं कंत्राटी मानधनावर चाललं. विशेष शिक्षकाचं प्रशिक्षण असतं एका प्रकाराचं, दृष्टी किंवा श्रवण किंवा बौद्धिक अक्षमता, आणि त्याच्या वाट्याला येतात एकवीसही प्रकार, तालुकाभर विखुरलेले. महिन्यातून एकदा येणारा माणूस सवलतीचा फॉर्म भरू शकतो. सोय लावायला शाळेत पुन्हा पुन्हा जावं लागतं.

दुसरा आक्षेप विशेष शाळांचा. मुंबईत कर्णबधिरांची शाळा एकोणिसाव्या शतकात निघाली, दादरची अंधशाळा १९००ची. एवढ्या परंपरेनंतर ही मुलं साध्या शाळेत कशाला लोटायची? यात तथ्य आहे, आणि समावेशनाचे काही उत्साही पुरस्कर्ते ते कबूल करत नाहीत. कर्णबधिर मुलाच्या बाबतीत तर मी बिनशर्त कबूल करीन. ज्या वर्गात एकालाही सांकेतिक भाषा येत नाही तिथे त्याला बसवणं म्हणजे समावेशन नव्हे, तो गर्दीतला एकांतवास आहे. विशेष शाळेत त्याला निदान भांडायला, चिडवायला, गुपित सांगायला भाषा मिळते. भाषेशिवाय मूल वाढत नाही. पण याचा अर्थ असा, की विशेष शाळेत सोय आहे आणि साध्या शाळेत नाही. मुलानं साध्या शाळेत येऊ नये, असा त्याचा अर्थ होत नाही. विशेष शाळांकडे जे ज्ञान आहे, ब्रेल, सांकेतिक भाषा, वाचा-उपचार, ते साध्या शाळांपर्यंत पोचायला हवं होतं. आपल्या राज्यात या दोन शाळा दोन वेगळ्या खात्यांच्या अखत्यारीत वाढल्या, सामान्य शाळा शालेय शिक्षणाकडे आणि विशेष शाळा समाजकल्याणाकडे. २०२२ साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, तरी मधली भिंत तशीच आहे. एकीकडे मूल विद्यार्थी असतं, दुसरीकडे लाभार्थी. शब्दांवरूनच कळावं.

सवलत मुलाच्या आड कशी येते, हे दहावीपाशी सर्वांत स्पष्ट दिसतं. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, लेखनिक मिळतो. या दोन्ही खऱ्या सोयी होऊ शकतात. पण लेखनिक घेऊन उत्तर सांगणं हे एक कौशल्य आहे. वाक्य मनात पुरतं जुळवायचं, विरामासकट सांगायचं, आधी काय लिहून झालं ते ध्यानात ठेवायचं. नववीपर्यंत एकदाही तोंडी सांगून उत्तर न लिहिलेला मुलगा परीक्षेच्या आदल्या दिवशी खालच्या इयत्तेतल्या अनोळखी मुलाला भेटतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला बीजगणित सांगतो. मग निकाल लागला की ‘सवलत देऊनही’ असं वाक्य सुरू होतं. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घ्यायची मुभा आहे. ज्याला खरोखर पर्याय नाही त्याला ती तारून नेते, हे मान्यच. पण ही मुभा आठवीतच मनाशी ठरवून टाकली, तर पुढची दोन वर्षं गणित कुणी शिकवतच नाही, आणि तांत्रिक शिक्षणाची वाट बंद झाल्याचं कळतं ते गुणपत्रिका हातात पडल्यावर. निकालाच्या याच दिवसांत वर्तमानपत्रांत ‘जिद्दीला सलाम’ छापून येतं. मला त्या मथळ्याची अलीकडे धास्ती वाटते. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. त्यांचं आत्मकथन वाचून मराठी वाचक त्यांच्या जिद्दीबद्दल बोलतो, पण त्यांनी पुस्तकाला नाव दिलं आहे ‘चाकाची खुर्ची’. एका साधनाचं नाव. ज्याच्याकडे जिद्द कमी आहे, बुद्धीही बेताची आहे, त्या साध्यासुध्या दिव्यांग मुलालाही शाळेत यायचा हक्क आहे. धडधाकट मुलांकडून आपण कुठे एवढ्या जिद्दीची मागणी करतो?

उरतात ती बहुविकलांग, अंथरुणाला खिळलेली मुलं. २०१२च्या दुरुस्तीनं शिक्षण हक्क कायद्यात त्यांच्यासाठी गृहाधारित शिक्षणाचा पर्याय आला. तो पर्याय निवडायचा हक्क मुलाचा आहे, शाळेनं सुचवायचा तो मार्ग नव्हे, हे ध्यानात ठेवलं तर फार गोष्टी सरळ होतात. घरी शिकणाऱ्या मुलाचं नाव शाळेच्या पटावर असतं, तर महिन्यातून एखादा दिवस त्याला शाळेत आणता येतो, आणि वर्गातली चार मुलं शनिवारी त्याच्या घरी जाऊ शकतात. अशा मुलाला शिकून काय मिळणार, असं विचारणारे भेटतात. डाव्या बाजूला मान वळवून ‘हो’ आणि डोळे मिटून ‘नको’ सांगता येणं, हे त्याच्या दृष्टीनं शिक्षण आहे. ते आल्यावर घरातली माणसं त्याला न विचारता भरवत नाहीत.

गावातही तोच हिशेब लागू पडतो. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. पुष्कळ ठिकाणी ती वर्षाअखेरी समान वाटली जाते, कुणाला हजार, कुणाला बाराशे. उत्पन्नाची साधनं नसलेल्या घरात या पैशानं दिवाळी होते, तेव्हा वाटप बंद करा असं मी म्हणणार नाही. पण ज्या ग्रामसभेत हे वाटप ठरतं ती भरते पाच पायऱ्या चढून जायच्या सभागृहात, आणि ज्यांच्यासाठी ठरतं त्यांच्यापैकी अनेकांच्या वतीनं सही करायला घरातलं दुसरं कुणीतरी येतं. रेशन दुकान, देऊळ, वाचनालय, सगळ्यांची जोती उंच. याच गावात मतदानाच्या आदल्या दिवशी मात्र शाळेच्या दाराला फळ्यांचा उतार लागतो, कारण निवडणूक आयोगानं मतदान केंद्रावर तो सक्तीचा केला आहे. एखादी खुर्चीही येते. म्हातारी माणसं, पोटुशी बाई, कुबडीवाले, सगळे त्यावरून वर जातात आणि बोटाला शाई लावून घेतात. दोन दिवसांनी शाळा भरते तेव्हा फळ्या परत गेलेल्या असतात.